न पुसता जोडलेला सांधा

दुखण्यातून उठल्यापासून म्हाताऱ्या सुताराला कसलाच वास येत नव्हता. लेकीच्या पेटीसाठी वर्षानुवर्षं माळ्यावर जपलेल्या सुवासिक लाकडाच्या फळ्या मुलानं खाली काढून दिल्या. म्हाताऱ्यानं रंधा मारला, ढलपी नाकाशी धरली आणि विचारलं, “सुटला का रे वास?”

“सगळं घर घमघमतंय, बाबा!”

फळी बोटांना कोरडी लागली. पण दुखण्यानं हातांतही राम उरला नव्हता. त्यांच्यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? त्या लाकडात तेल फार. आधी स्पिरिटनं पुसल्याशिवाय त्यावर सरस धरतच नाही, रात्रीतून सांधा सुटतो. म्हाताऱ्यानं संध्याकाळी मुद्दाम न पुसताच दोन फळ्या जोडल्या.

सकाळी त्यानं सांध्यावर बुक्की मारली, मग हातोडा मारला. सांधा जागचा हलला नाही.

आपल्या दुखण्यात दवाखान्याचा एवढा खर्च कसा भागवलास, हे मुलाला विचारायचं राहूनच गेलं होतं. आता विचारायची गरज उरली नाही.

“काय झालं, बाबा?” मुलानं दारातून विचारलं.

“काही नाही. दार तेवढं लावून घे. उगाच वास उडून जायचा.”