धुक्याचा टप्पा

"होडी पुन्हा अडखळली. तिसऱ्या वळणानंतर. कालच्यासारखीच."

तक्रार क्रमांक एकोणीस. पाठवणारीचं गेममधलं नाव 'वल्हं'.

प्रोग्रामरने मांडीवरचं बाळ जरा सावरलं आणि एका हाताने उत्तर टाइप केलं, "बघते." दुसरा हात बाळाला थोपटत होता. दुपारच्या झोपेचा तास, फार तर दीड तास. घरून काम करण्याच्या दिवसात तेवढाच काय तो तिच्या हक्काचा.

होडीचा हा गेम ब्राउझरमध्येच चालायचा. पान उघडा आणि खेळा. त्याची पहिली ओळ तिने लिहिली होती, बाळ पोटात असताना. खडक डावीकडे आला की डाव्या कानात पाणी खळखळायचं, उजवीकडे आला की उजव्या.

"एवढं ऐकतंय कोण?" तेव्हा दादा हसला होता. दादा म्हणजे टीमचा प्रमुख. सगळ्या ऑफिसचा दादा.

आता रजा संपवून ती कामावर आली, तर दादाने पहिल्याच दिवशी ऐकवलं, "शनिवारी अंतिम फेरी. गुणांत सगळ्यांच्या पुढे आहे ती हीच बाई, आणि हीच म्हणते गेम अडखळतो. चारचौघांत शोभा नको. शुक्रवारपर्यंत जमव, नाहीतर गेम दुसऱ्याकडे देतो. बाळात वेळ जातो, समजतं मला."

शेवटचं वाक्य तिच्या जिव्हारी लागलं.

तिने 'वल्हं'ने भरलेला फॉर्म काढला. कॉम्प्युटर: जुना. चित्राचा दर्जा: सगळ्यात कमी. स्क्रीन किती मोठा: कितीही चालेल.

"खडूस दिसते," दादा फोनवर म्हणाला.

तिसऱ्या वळणानंतर धुक्याचा टप्पा होता. धुकं रंगवताना जुन्या कॉम्प्युटरला धाप लागत असणार, हे उघड होतं. तिने धुक्याचे थर निम्मे केले. काठावरच्या झाडांची पानं छाटली. मग सासूबाईंचा म्हातारा लॅपटॉप मागून घेतला आणि त्यावर होडी सोडली. चित्र तेल घातल्यासारखं सरकत गेलं.

"माझ्यासाठी कधी पळाला नाही हो हा असा," सासूबाई म्हणाल्या. "माणूस ओळखतो मेला."

तिने खुशीत सुधारलेला गेम चढवला. तासाभरात विसावी तक्रार आली. एकच शब्द. "तेच."

गुरुवारी तिने फॉर्मवरच्या नंबरवर सरळ फोन लावला.

"चित्र अजून अडकतंय का हो?"

"चित्राचं तुमचं तुम्ही बघा, बाई. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही." पलीकडचा आवाज साठीतला, खणखणीत. "पाणी उशिरा वाजतं. वल्हं आधी मारते मी, आणि त्याचं चुबुक येतं मागाहून, पाहुण्यासारखं."

"किती मागाहून?"

"निम्म्या ठोक्याने."

"इतकं कळतं तुम्हाला?"

"चाळीस वर्षं वाद्यं जुळवतेय मी. सूर जरा घसरला तरी मला जेवण जात नाही. निम्मा ठोका म्हणजे कहरच की!"

प्रोग्रामरने फोन ठेवला. अस्सं! जुळवणारीचा कान होता तर. इतके दिवस ती चित्राच्या मागे धावत होती, आणि बाईंना खुपत होता आवाज.

ती कोडच्या ओळी वाचू लागली. वाचता वाचता थोपटणारा हात एक ठोका चुकला. लगेच बाळाने चुळबुळ केली, ओठ काढले. डोळे मिटलेलेच होते. हात पुन्हा लयीत पडला, बाळ पुन्हा शांत.

तिने बाळाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

गेम आधी पाणी रंगवत होता, मग झाडं, मग धुकं, आणि सगळं रंगवून झाल्यावर आवाज सोडत होता. बिचारा आवाज रांगेत शेवटी उभा! तिने त्याला उचलून पुढे आणलं. आधी आवाज, मग चित्र; आणि चित्राला उशीर झालाच, तर एखादं गाळायचं.

"आवाजासाठी चित्र गाळायचं?" व्हिडिओ कॉलवर दादाच्या भुवया चढल्या. "अगं, गेम बघायचा असतो की ऐकायचा?"

"शनिवारपर्यंत राहू दे ना, दादा. नाही जमलं तर गेम मी स्वतः सोडते."

शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. "आता कशी बोलते नदी!"

शनिवारी आठ खेळाडू आपापल्या घरून उतरले आणि ऑफिसातले सगळे भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनसमोर जमले. बाळ सासूबाईंच्या कडेवर होतं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. धुकं आलं. एकेक होडी मंदावली, चाचपडली. दोन खडकांवर आपटल्या.

'वल्हं' मात्र सुसाट. डावीकडून, उजवीकडून, दोन खडकांच्या फटीतून, जरासुद्धा न थबकता ती धुक्यातून बाहेर पडली. बाकीचे तिथेच होते.

ऑफिसात एकच जल्लोष झाला. बाळ दचकून रडलं, मग सगळ्यांना हसताना बघून तेही हसलं. दादाने प्रोग्रामरपुढे चक्क हात जोडले. "नदी तुझी, बाई. आता कुणाच्या बापाला देत नाही."

सोमवारी वाद्यं जुळवणाऱ्या बाई बक्षीस घ्यायला आल्या. प्रोग्रामर पोचली तेव्हा त्या दादाच्या केबिनमध्ये ताठ बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, हातात चहा.

"नमस्कार," ती दारातूनच म्हणाली.

"अगंबाई, ही तर आपली पाणीवाली!" बाई लगेच म्हणाल्या. "ये, ये."

दादाने मोठा खोका टेबलावर त्यांच्यापुढे सरकवला. "बत्तीस इंची मॉनिटर! यावर आमची नदी बघाल तर खुळ्या व्हाल. पण एक सांगा, धुक्यात सगळ्यांचे हातपाय गळाले. तुम्ही वेगसुद्धा कमी केला नाहीत. जमलं कसं?"

बाई उठल्या. खोक्याच्या कडेवरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला, पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली आणि झटक्यात उघडली.

"धुकं?" त्या म्हणाल्या. "धुकं कुठे होतं?"