पाचवा तक्ता

वेलची. विजेच्या तारा. लाल टिकल्यांची पाकिटं. सन दोन हजार पंचेचाळीस.

कार्यशाळेच्या भिंतीवर तीन शेजारी देशांच्या त्या सालातल्या चार संभाव्य भविष्यांचे तक्ते होते. ज्या तक्त्यावर प्रतिनिधी जास्त टिकल्या चिकटवतील, त्यावरून करार होणार. ती डोंगराळ देशाची प्रतिनिधी; चारही तक्त्यांत तिचा देश मोठ्या शेजाऱ्याला स्वस्तात वीज आणि वेलची पुरवत होता.

“आणखी काही सुचतंय? कुठलीही शक्यता चालेल,” कार्यशाळा घेणारा म्हणाला.

तिने कोरा तक्ता चिकटवून लिहिलं: आम्ही वीज देणं थांबवतो.

मोठ्या देशाचे सचिव हसले. “ताई, हे कधी होणारच नाही.”

“मग राहू द्या की भिंतीवर. घाबरताय कशाला?”

“आमच्याशिवाय घेणार कोण तुमची वीज?”

“आम्हीच. धरणाखालच्या आमच्या गावांत अजून कंदील आहेत, साहेब.”

तिने आपल्या साऱ्या टिकल्या पाचव्या तक्त्यावर लावल्या. मग किनाऱ्यावरच्या चिमुकल्या देशाचा प्रतिनिधी उठला आणि त्याने आपल्याही टिकल्या शेजारी चिकटवल्या. सचिव आता हसत नव्हते.

“मान डोलवून परत या,” असं तिच्या मंत्र्यांनी सकाळी फोनवर बजावलं होतं.