कालव्याच्या रेषेत

“सूर्य बुडाला की तुला कुत्रंसुद्धा ऐकत नाही, फेन्ना,” बेरेंट म्हणाला आणि त्याने नोटिशीचा कागद मायक्रोफोनशेजारी ठेवला.

फेन्नाने कागदाकडे पाहिलंही नाही. तिने कॉफी ओतली, त्याला एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

जुन्या दूध-कारखान्याच्या माळ्यावर तिचं रेडिओ केंद्र अकरा वर्षं चालू होतं. ताकद एक वॉट. सायकलच्या दिव्याला याहून जास्त लागते. तेवढ्यावर ती गावबोलीत बोलायची, अकॉर्डियनची गाणी लावायची, कुणाची गाय व्याली, कुणाकडे अंडी उरलीत ते सांगायची. पण माळा गावसमितीचा होता आणि समितीचा कारभारी बेरेंट होता. उद्याच्या बैठकीत त्याने माळा रिकामा करायच्या नोटिशीवर सही केली की केंद्र संपलं.

“दिवसा लोक कामावर असतात,” बेरेंट म्हणाला. “घरी येतात तेव्हा अंधार. आणि अंधारात तू नसतेस. मी उगाच बोलत नाही. तीन संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात ऐकून पाहिलंय. रेडिओ पुसून, खिडकीत नीट सरळ मांडून, घड्याळ लावून.”

“सरळ मांडून?”

“मग कसा मांडतात? साडेचारपर्यंत तू होतीस. मग कुठलातरी परका बँडबाजा, आणि त्याच्याखाली तू, विहिरीत पडलेल्या मांजरासारखी.”

फेन्ना हसली. पण तिने ते नाकारलं नाही. दिवसा तिचा आवाज जमिनीलगत तीन-चार किलोमीटर जायचा. वरच्या हवेतला जो थर दुरून येणाऱ्या असल्या लहरी गिळून टाकतो, तो सूर्याबरोबर मावळायचा. मग दीड हजार किलोमीटरवरचं, तिच्याच लहरीवरचं एक बलाढ्य केंद्र आकाशावर आपटून थेट गावात उतरायचं.

“मग वॉट वाढव,” बेरेंट म्हणाला. “तुझ्या बापाने वाढवले होते.”

“आणि तीनदा त्याचं सगळं सामान जप्त झालं. माझ्या परवान्यात एक लिहिलाय. एकच राहील. त्या बँडवाल्याकडे लाख असू देत. मी एका वॉटनेच बोलणार, संध्याकाळीच बोलणार आणि इथूनच बोलणार. तो कागद उचल, कॉफी सांडेल त्यावर.”

चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तिने बटण दाबलं. “मंडळी, सूर्य गेला. नेहमीचं काम करा.” आणि बेरेंटला जिन्याकडे बोट दाखवलं.

कागद खिशात कोंबून तो घराकडे निघाला. डिसेंबरची थंडी होती. घराघरांत दिवे लागले होते आणि पडदे कुणीच ओढले नव्हते. येता-जाता खिडक्या न्याहाळायला बेरेंटला आवडायचं. जोडीने ठेवलेल्या कुंड्या, मधोमध दिवा. आज मात्र त्याचं डोकं फिरलं. बेकरीवाल्याच्या खिडकीत रेडिओ तिरका, एक टोक काचेला टेकलेलं. शाळेच्या बाईंकडे तिरका, कुंडी बाजूला ढकलून. म्हाताऱ्या हार्मेनने तर रेडिओसाठी खुर्चीच आडवी घातलेली. पुढे रस्ता वळला, घरं वळली. रेडिओ वळले नाहीत.

गावाला कशाची रीत राहिली नाही, असं पुटपुटत बेरेंट कालव्याच्या पुलावरून घरी आला.

त्याच्याही खिडकीत रेडिओ तिरकाच होता. फेन्ना कुणाची तरी अंडी सांगत होती. कोट अंगातच ठेवून, सवयीने, त्याने रेडिओ कट्ट्याला समांतर केला.

बँडबाजा धाडकन घरात शिरला. फेन्ना बुडाली.

“झालं समाधान?” मागून हिल्ला आली आणि तिने नवऱ्याच्या हातावर एक चापट मारली. “तिन्ही दिवस मी कानीकपाळी ओरडत होते, हात लावू नकोस म्हणून. तर म्हणे, रस्त्यावरून लोक बघतात!”

“पण हे असं कसं...”

“रेडिओ टोकाच्या दिशेने बहिरा असतो. ते टोक त्या परक्या केंद्राकडे केलं की त्याचा आवाज दबतो. ते केंद्र आहे कालव्याच्या रेषेत. रोज दिवेलागणीला अख्खं गाव रेडिओ तसा फिरवतं, बेरेंट. सरळ असतो तो फक्त तुझा.”

तिने रेडिओ पुन्हा फिरवला. बँडबाजा विरत गेला, आणि त्यातून फेन्नाचा आवाज स्वच्छ वर आला.

“...आणि हिल्ला, तुझा नवरा एव्हाना पोचला असेल. उद्याची बैठक होईपर्यंत त्याला रेडिओला हात लावू देऊ नकोस.”