तिसरी होडी

दुसरं कडवं संपलं. त्यापुढचा बासरीचा तुकडा वाजवून धाकट्यानं बासरी मांडीवर आडवी ठेवली आणि समाधानानं समोर पाहिलं. तीनशे माणसं बसली होती आणि एकाच्याही हातात कॅमेरा नव्हता.

धाकटा म्हणजे वयानं अठ्ठावन्न. पण ताई सत्तरीला टेकलेली, त्यामुळे तो जन्माचा धाकटाच. ती गायची, तो कडव्यांच्या मधे वाजवायचा. चाळीस वर्षं हेच.

अलीकडे मात्र फोटोवाल्यांनी उच्छाद मांडला होता. एखादा गुडघ्यांवर रांगत थेट ताईच्या पायाशी यायचा. दुसरा माइकला खेटून लेन्स खुपसायचा. वर्षभरात ताईनं तीनदा गाणं मधेच तोडलं होतं, माइकवरूनच त्यांना फैलावर घेतलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. लोक टाळ्या वाजवायचे. पेपरवाले मात्र ‘तापट’ म्हणून लिहायचे. धाकट्याच्या जिवाला ते लागायचं. म्हणून या खेपेला तो महिनाभर सभागृहाच्या व्यवस्थापकांच्या खनपटीला बसला होता.

“अहो, हल्ली लोक ऐकायला येतात की फोटो काढायला, आमचं आम्हालाच कळत नाही,” व्यवस्थापक म्हणाले होते.

“मग त्या दिवशी कळेल,” असं म्हणून त्यानं फोन, कॅमेरे, सगळं दारावर जमा करून घ्यायला लावलं होतं.

ताई आईचं गाणं गात होती. आईनं ते शिकवताना एक शिस्त घालून दिली होती, की कागद बघून गायचं नाही. समोर वही ठेवून गाणाऱ्यांची ताई टर उडवायची. “गातायत की हजेरी घेतायत?” म्हणायची.

गाण्यातली बाई नदीकाठी उभी असते. पहिली होडी आली, होडीत बाप आला. दुसरी होडी आली, होडीत भाऊ आला.

“तिसरी होडी आली...”

सूर असा लागला की धाकट्याच्या अंगावर काटा आला. ताईनं ओळ फिरवून पुन्हा घेतली. “तिसरी होडी आली...” मग तिसऱ्यांदा घेतली. आणि थांबली.

“तो कॅमेरा बंद करा!”

सभागृह दचकलं. माना वळल्या. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघू लागली. हात सगळे रिकामे.

“ऐकू येत नाही का? गाणं चाललंय इथं!”

ताईचं बोट पहिल्या रांगेवर रोखलेलं होतं. तिथं दोन म्हाताऱ्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “अगं बाई, कुणाला बोलतायत या?” मागे कुणीतरी खुसखुसलं.

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. आवाज चढलेला होता, पण डोळे गर्दीत आईचं बोट सुटलेल्या पोरीसारखे. त्याला मागचे तिन्ही कार्यक्रम आठवले. तिन्ही वेळा हेच गाणं. तिन्ही वेळा तिसरी होडी. एकदा तर ती ज्याच्यावर बरसली, तो बिचारा खाली वाकून आपली पिशवी आवरत होता. फोटोवाले आगाऊ होते, यात शंका नव्हती. पण ताई त्यांच्यामुळे थांबली नव्हती. ती अडली होती, आणि अडली की त्यांच्या आड उभी राहत होती. पुन्हा पहिल्यापासून धरलं की ओघात शब्द येत होते.

आज तो आडोसा धाकट्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकला होता.

खुसखुस वाढत चालली. धाकटा उठला. खिशातला फोन काढून त्यानं सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो बंद होता, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

“माफ करा मंडळी. मीच काढत होतो. ताईचा फोटो.”

कडेला उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारून घेतला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं माइक जवळ ओढला. “घरचाच निघाला की हो! आणि मी मेली तुम्हाला बोलतेय. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झाला, पण खोड्या काही जात नाहीत.”

हशा उसळला. टाळ्याही पडल्या. त्या गलक्यात धाकटा हात जोडून, माफी मागायला गेल्यासारखा तिच्या कानाशी वाकला.

“रिकामी,” तो म्हणाला.

“तिसरी होडी आली, रिकामी गं आली,” ताई गायली. पहिल्या रांगेतल्या दोघी म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या.

कार्यक्रम संपल्यावर ताई आतल्या खोलीत आरशासमोर बसून कानातलं काढत होती.

“धाकट्या, खरंच काढलास फोटो?”

“हो.”

“दाखव.”

“हलला होता गं. पुसून टाकला.”

“बरं,” ताई म्हणाली. कानातलं तिनं डबीत ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं.

धाकट्यानं फोन चालू केला तसा तो वाजला. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाचे संयोजक बोलत होते. “तुमची अट कळली बरं का. आम्हीही दारावरच सगळं जमा करून घेणार. एक फोटोवाला आत येणार नाही, निर्धास्त राहा.”

धाकटा खोलीबाहेर आला. मागचं दार त्यानं नीट ओढून घेतलं.

“नको, नको. येऊ द्या त्यांना,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पहिली रांगच देऊन टाका. आणि हे बघा, चांगले आगाऊ असतील ते बघून बोलवा.”