लेकीच्या टेबलावरची चाचणी

वर्कशॉपमधलं लोखंड कापायचं मिलिंग मशीन चालवण्यासाठी त्याने बाजारातून आणलेले जुने कॉम्प्युटर एकामागून एक नापास झाले. मशीनला हुकूम द्यायला क्षणभर जरी उशीर झाला, तरी कटर लोखंडात घुसून मोडणार. वर्कशॉप बंद पडायची वेळ आली, तेव्हा बायकोच म्हणाली, "आपल्या लेकीचा बघा की. नुसती धूळ खातोय."

धूळ कसली! लेकीला जाऊन वर्ष झालं, तरी बायको रोज तो फडक्याने पुसत होती.

त्याने लेकीच्याच टेबलावर चाचणी लावली. कॉम्प्युटरला दमवायला दहा कामं एकदम सांगितली आणि वर हाताला लागलं ते गाणं लावलं. ते लेकीनेच म्हटलेलं निघालं. मध्येच तिचा सूर घसरला, ती खुदकन हसली आणि पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागली. दोघांच्याही काळजाचा ठोका चुकला. कॉम्प्युटरचा एकही चुकला नाही. स्क्रीनवरचा उशिराचा आकडा जागचा हलला नाही. इतका गुणी कॉम्प्युटर त्याने आजवर पाहिला नव्हता.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

"नापास," तो म्हणाला. "वर्कशॉपच्या तेला-चुऱ्यात ठेवायच्या लायकीचा नाही."

आधीच्या प्रत्येक चाचणीला ती शेजारी उभी होती. आकडा तिलाही वाचता येत होता. तिने तो नीट पाहिला, मग स्क्रीन पुसली आणि त्याच फडक्याने डोळे.

"माझी लेक कधी नापास झाली नव्हती हो," ती म्हणाली. "पण बरं केलंत."