कुत्र्याच्या घरी जाणारी मांजर

"आधीची दोन मांजरं कशी मेली ते सांग. मग तिसऱ्याचं बघू," दमयंतीकाकी म्हणाली.

अक्षया पायरीवर टेकली. मे महिन्याचा उकाडा, अंगाची नुसती काहिली, आणि ही पोरगी मनगटापर्यंत बाह्या असलेला ड्रेस घालून, वर गळ्याभोवती ओढणी लपेटून आलेली.

"कुत्र्यानं फाडली," ती म्हणाली.

काकीने तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून मलमपट्ट्या करण्यात काढली होती. कुत्र्याने फाडलेलं मांजर कसं दिसतं, ते तिला कोणी शिकवायला नको. अक्षयाचं दुसरं मांजर तिने स्वतः जाऊन बघितलं होतं. कणा मोडलेला, जबडा फुटलेला, आणि दाताची खूण औषधालासुद्धा नाही. त्या घरचा कुत्रा वाघ्या तर तिच्याच हाताखालून गेलेला. तीन बरगड्या मोडल्या होत्या बिचाऱ्याच्या. लाथ घालणारा संदेश, म्हणजे अक्षयाचा नवरा, तेव्हा दवाखान्याच्या दारात उभा राहून हसत होता. शेजारी अक्षया उभी होती, सुजलेला ओठ पदराआड धरून. काकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ड्रेसरचं कोण ऐकतो.

"वाघ्यानं फाडली?" काकीने विचारलं.

अक्षया पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"हे बघ गो, माझी मांजरं म्हणजे काय नारळ नव्हेत, एक फुटला की दुसरा न्यायला. घरात कुत्रा, परसात कोंबड्या आणि वर तुझा तो नवरा. तिसरं मेलेलं मला बघवणार नाही."

"आता नाही मरणार, काकी."

"कशावरून?"

"नाही मरणार."

काकीने सुस्कारा सोडला आणि तिला मागच्या पडवीत नेलं. दोन पिंजरे शेजारी शेजारी मांडले होते. खिडकीत कात्री, कापूस आणि वर्तमानपत्राची एक पुडी पडली होती.

"सकाळी तुझा फोन आला तेव्हाच दोघींची तयारी करून ठेवलीय. कुत्र्याच्या घरी जायचं म्हणजे तयारी लागते. ही पांढरी. गरीब आहे. कोंबड्यांकडे ढुंकून बघायची नाही. पण कुत्रा अंगावर आला की पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतोच."

"आणि ती?"

दुसऱ्या पिंजऱ्यात करडी बसली होती. एक कान अर्धा तुटलेला, नाकावर जुना वण. पिंजऱ्याजवळ सावली पडली तशी ती फिस्कारली.

"मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीच्या ढिगावर सापडली. चार कुत्र्यांत एकटी उभी होती. ही पळत नाही, समोरच्याचं नाकच फाडते. गेल्या महिन्यात हिनं एका बोक्याचा डोळा काढलान."

"हीच द्या," अक्षया म्हणाली. पांढरीकडे तिने धड बघितलंही नव्हतं.

"थांब, हात घालू नकोस. हातमोजे आणते."

काकी वळली आणि मागे कडी वाजली. करडी अशी किंचाळली की कौलांवरचे कावळे उडाले, आणि तिच्या वरताण अक्षया. पिंजरा उलटला. पत्रा दणाणला. काकी धावत आली तेव्हा अक्षया जमिनीवर पडली होती. ओढणी सुटलेली, बाह्या कोपरावर सरकलेल्या. दोन्ही हातांवर आणि गळ्यावर लांबच लांब ओरखडे. काहींतून रक्त ओघळून ड्रेसवर सांडत होतं. करडी कोपऱ्यात पाठीची कमान करून उभी होती.

काकीने जखमा बघितल्या. मग अक्षयाचं तोंड बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती.

काकी कुंपणापाशी गेली आणि मोठ्याने ओरडली, "गंगू, ये गो लवकर. करडीनं पोरीला फाडलंन."

शेजारची गंगुबाई पाण्याची कळशी घेऊन आली, मागोमाग तिच्या दोन्ही सुना.

"अगो आई गो, काय ही दशा! असली अवदसा पाळतेस कशाला?" गंगुबाई म्हणाली.

"काय करू, माझीच चूक," काकी म्हणाली. तिने जखमा धुतल्या, औषध लावलं, पट्ट्या बांधल्या. "झोंबतंय?"

"हं."

"झोंबणारच. करडीची नखं म्हणजे कोयते. गंगू, बघून ठेव, उद्या तूही पिंजऱ्यात हात घालशील तर."

सुना हसल्या. अक्षया हसली नाही. करडीला टोपलीत घालून काकीने टोपली तिच्या हातात दिली.

"ने. तुझ्या घरात आता हिला सुख लागेल."

अक्षयाने वाकून काकीचे पाय धरले. फुकट मिळालेल्या मांजरापायी एवढं, असं गंगुबाईला वाटलं, आणि ती तसं बोललीही.

तिसऱ्या दिवशी केरू हवालदार आला. अक्षयाच्या घरामागच्या चिरेखाणीत, खाली साचलेल्या पाण्यात, संदेश मरून पडला होता. डोकं फुटलेलं.

"दारू प्यायचा. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणतात," हवालदार म्हणाला. "पण डॉक्टरांच्या मते रविवारी रात्री गेला, आणि मरायच्या आधी झटापट झाल्यासारखी दिसते. इकडे बायकोचं अंग ओरखड्यांनी भरलंय. ती म्हणते, मांजर."

"मांजरच. सोमवारी सकाळी, इथेच, माझ्या डोळ्यांदेखत. गंगूला विचारा."

गंगुबाई कुंपणाला टेकूनच उभी होती. "रक्ताचा नुसता सडा पडला होता, साहेब. मी स्वतः पाणी घातलं. माझ्या दोन सुना साक्षीला आहेत."

हवालदाराने लिहून घेतलं, कोकम सरबत प्यायलं, पेला खाली ठेवला.

"मांजर भलतंच वाईट दिसतंय."

"फार वाईट," काकी म्हणाली.

हवालदाराची मोटारसायकल वळणाआड गेली. काकी पडवीत आली. खिडकीतली वर्तमानपत्राची पुडी तिने उचलली, चुलीपुढे बसून उलगडली, आणि सोमवारी सकाळी, अक्षया येण्याच्या तासभर आधी कापलेली करडीची अठराच्या अठरा नखं विस्तवात टाकली.