गुडघा वाकेना

"साठ," फिजिओथेरपिस्ट म्हणाली आणि गुडघ्यावरचं कोनमापक तिनं पलंगावर आपटलं. ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. नवा गुडघा एव्हाना नव्वद अंश वाकायला हवा होता. हा मागच्या सोमवारी जिथे होता तिथेच अडून बसला होता.

काका ओशाळले. गोदामात मुकादमी केलेला दणकट माणूस, पण पाय खाली सोडायचा म्हटलं की कपाळाला घाम फुटायचा. आतलं काही तुटणार तर नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारायचे. तिला त्यांचा राग येत नसे. भीती काय, घालवता येते. राग यायचा तो काकूंचा.

व्यायामाचा कागद काकूंनी कुठे ठेवला कोण जाणे. उलट नवऱ्याच्या उशाशी बसून त्या बिघडलेल्या गुडघ्यांच्या कहाण्या सांगायच्या. कुणाचा सांधा निखळला, कुणाला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं. जेवण, पाणी, रिमोट, सगळं हातात. आणि आज तर वॉकरच जागेवर नव्हता. शोधला, तर माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे.

फिजिओथेरपिस्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं मागे दार लोटलं.

"काकू, त्यांना उभं करायचंय की जन्माचं पांगळं करून ठेवायचंय?"

काकू ओटा पुसत राहिल्या. पडले-बिडले तर, एवढंच पुटपुटल्या.

"पडले तर मी उचलीन. पण यापुढे तुम्ही मध्ये आलात तर तुमच्या मुलीला फोन करून इथे बोलावून घेईन."

"ती या घरात येत नाही," काकू म्हणाल्या.

असल्या आईकडे कोण येईल, असं फिजिओथेरपिस्टच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली, रविवारीसुद्धा. व्यायामाच्या वेळी काकूंना खोलीत यायला बंदी. काका कण्हले, चिडले, एकदा तर लहान मुलासारखे रडले. पण ती हटली नाही. सत्तर झाले, पंच्याऐंशी झाले, चौथ्या आठवड्यात गुडघा शंभराच्या पुढे गेला. वॉकर सुटला, काठी आली. काकू मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. हट्ट मोडला की माणसाचं असंच होतं, असं तिनं स्वतःशी म्हटलं. तिचा राग काही निवला नव्हता.

शेवटच्या दिवशी तिनं काकांच्या हातातली काठी काढून घेतली. काका पलंगापासून निघाले. पाऊल ठाम पडत होतं. बैठकीची खोली ओलांडून, कशाचाही आधार न घेता, ते थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बघा काकू," ती त्यांच्या मागून म्हणाली. आवाजात विजय होता, आणि थोडा वचपाही. "तुम्ही म्हणत होता ना, जमणार नाही?"

काकूंनी मागे वळून पाहिलं. हातातलं भांडं खाली ठेवलं. मग ओट्याखालच्या कोपऱ्यात सरकून त्या उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी डोक्यावर घट्ट धरले.

काका हसले.

"अगं, ऊठ," ते मायेनं म्हणाले. "मॅडम अजून गेल्या नाहीत."